चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्या: परवाना कुणी द्यायचा आणि काढून कुणी घ्यायचा?

तिठा

सॅन फ्रान्सिस्कोत स्टिअरिंगमागे कुणीच नसलेली टॅक्सी दिसली तर आता कुणी वळूनही बघत नाही. या गाड्या चांगल्या की वाईट, यावर इथे भरपूर बोलून झालंय. मला वेगळं विचारायचंय. असली गाडी सार्वजनिक रस्त्यावर सोडायची की नाही, हे ठरवायचा हक्क कुणाचा? जिच्या रस्त्यांवर ती फिरणार त्या शहराचा, राज्याचा, की केंद्राचा?

इथली व्यवस्था थोडक्यात सांगते. गाडी रस्त्यावर आणायचा परवाना कॅलिफोर्नियाचा मोटार वाहन विभाग, म्हणजे डीएमव्ही, देतो. तिच्यात पैसे घेऊन माणसं बसवायची तर सार्वजनिक सुविधा आयोगाची, सीपीयूसीची, वेगळी परवानगी लागते. ब्रेक, एअरबॅग वगैरेंचे निकष केंद्राची रस्ते-सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, ठरवते. यात शहर कुठेच नाही.

१० ऑगस्ट २०२३ ला सीपीयूसीने क्रूझ आणि वेमो या दोन्ही कंपन्यांना शहरभर, चोवीस तास, भाडं घेऊन टॅक्सी चालवायची मुभा ३ विरुद्ध १ मतांनी दिली. शहराचं वाहतूक खातं आणि अग्निशमन दल, दोघांचाही विरोध होता. दलाने त्या वर्षातल्या पन्नासहून जास्त घटना समोर ठेवल्या होत्या. कुठे गाडी बंबाच्या वाटेत अडून बसली, कुठे आग विझवायच्या पाइपापर्यंत आली, कुठे धोक्याची पट्टी तोडून आत शिरली. आयोगाने सगळं ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. आठवड्याभरात क्रूझच्या एका गाडीची बंबाशी टक्कर झाली, आतली प्रवासी जखमी झाली. मग डीएमव्हीने कंपनीला गाड्या निम्म्यावर आणायला लावलं: दिवसा ५०, रात्री १५०.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांचे बंब अडतात त्यांना 'नाही' म्हणायचा अधिकार हवा. तुम्हाला काय वाटतं?

---

शेंगदाणा

आधी मला एवढं सांगा, "दादा, त्या पानाच्या टपरीपाशी जरा थांबवा, सुट्टे घेऊन येतो" हे त्या गाडीला कसं सांगायचं?

---

घाटमाथा

शेंगदाणा, तुम्ही उतरलात की ती गाडी निघून जाईल आणि भाडं आधीच कापलेलं असेल :-)

विषयावर येतो. माझे वडील एसटीत चालक होते. परवाना कुणी द्यायचा याच्या आधीचा प्रश्न, द्यायचाच का? डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात गडकरींनी सरळ सांगितलं होतं की मी मंत्री असेपर्यंत चालकाविना गाड्या येऊ देणार नाही, ७०-८० लाख चालकांचा रोजगार जाईल. २०१७ मध्येही ते हेच म्हणाले होते. मला हे पटतं. सरकारने कुठेतरी 'थांबा' म्हणायला हवं, आणि ते माणसं घरी बसायच्या आधी म्हणायला हवं.

---

कायदेपंडित

घाटमाथा, मंत्र्यांनी शब्द दिला म्हणजे कायदा झाला असं नाही. खातं बदललं की शब्दही बदलू शकतो.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ३ प्रमाणे वैध परवान्याशिवाय कुणीही सार्वजनिक जागी वाहन चालवायचं नाही. म्हणजे चालवणारं कुणीतरी माणूस आहे, हे सगळा कायदा गृहीत धरून चालतो. पण २०१९ च्या दुरुस्तीत कलम '२ब' आलं. नवसंशोधनाला चालना म्हणून केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. सूट कुठल्या अटींवर द्यायची, तेही केंद्रच नियमांनी ठरवणार. म्हणजे दार आहे, फक्त आज कुणी ढकलत नाहीये. आपल्याकडे चर्चा व्हायला हवी ती या अटींची.

---

गिअर५

मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. पुढे गोंधळ नको म्हणून एक सांगून ठेवतो. गाड्यांच्या स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर मानतात. आपल्याकडे 'अडास' (चालकाला मदत करणारी यंत्रणा) म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या फार तर दुसऱ्या स्तराच्या. लेन धरून ठेवतील, पुढच्या गाडीपासून अंतर राखतील, पण जबाबदारी पूर्णपणे तुमची. टेस्लाच्या ऑटोपायलटलाही नियामक याच स्तरात धरतात, आणि चालकाचं लक्ष रस्त्यावर राहील याची पुरेशी खबरदारी नाही म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत वीस लाखांहून जास्त गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची मोहीम, निघाला. तिसऱ्या स्तराला ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालवते, पण बोलावलं की चालकाने ताबा घ्यायचा. तिठा म्हणतात त्या टॅक्सी चौथ्या स्तराच्या: ठरलेल्या हद्दीत माणसाची गरजच नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती दुसऱ्या स्तराची वाटते. द्रुतगती मार्गावर हात सोडून मोबाइलवर रील बघणारे लोक मी पाहिलेत. नियमांची चर्चा सगळी चौथ्या स्तराभोवती फिरते आणि हे मधलं प्रकरण मोकळं सुटतं.

---

कायदेपंडित

गिअर५, तुमच्या मुद्द्याला जोडूनच. १८ मार्च २०१८, टेम्पी, ॲरिझोना. उबरची चाचणीतली व्होल्वो, आत सुरक्षा-चालक बसलेली. रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई ठार झाली. केंद्रीय चौकशीत निघालं की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच 'दिसली' होती, पण झेब्रा नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे यंत्रणेत गृहीतच धरलेलं नव्हतं. गाडीचं मूळचं आपत्कालीन ब्रेक देणारं तंत्र चाचणीसाठी बंद ठेवलं होतं. सुरक्षा-चालक फोनकडे बघत होती.

शिक्षा कुणाला झाली? फक्त तिला. तीन वर्षांची देखरेखीखालची परिवीक्षा (प्रोबेशन). कंपनीवर फौजदारी गुन्हा धरता येत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकलं. यंत्रणा ज्यांनी बनवली, ब्रेक ज्यांनी बंद केले, ते मोकळे आणि तासावर पगार घेणारी बाई गुन्हेगार. कायदा आधी लिहिला नाही की असं होतं. ॲरिझोनात तेव्हा राज्यपालांच्या आदेशांवर सगळं चाललं होतं.

---

ओसरी

मी ओकलंडमध्ये राहते. माझे यजमान दृष्टिहीन आहेत, सोबत मार्गदर्शक कुत्रा असतो. नेहमीच्या टॅक्सीवाल्यांनी कुत्रा बघून गाडी तशीच पुढे नेल्याचं आम्ही किती वेळा सोसलंय. कायद्याने नकार देता येत नाही, तरी देतात. पावसात फुटपाथवर उभं राहून तिसऱ्या गाडीची वाट बघायची. सॅन फ्रान्सिस्कोत गेलो की ते वेमोने एकटे जातात. गाडी नाही म्हणत नाही, कुत्र्याचे जास्तीचे पैसे मागत नाही, तोंड वेंगाडत नाही.

तिठा, शहराला 'नाही' म्हणायचा अधिकार दिला असता तर त्या ऑगस्टमध्ये हे सगळं बंद झालं असतं. त्या सुनावणीला अपंग प्रवाशांच्या बाजूनेही लोक बोलले होते. रस्ता त्यांचाही आहे.

---

रातराणी७२

ओसरीताई, अगदी पटलं. आणि भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, ती सगळी माणसांनी चालवलेल्या गाड्यांनी. यंत्र दारू पीत नाही, त्याला झोप येत नाही. मग इतके अडथळे कशाला?

---

सुईदोरा

रातराणी, अडथळे कशाला ते २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीकडे बघितलं की कळतं. मी तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत नोकरीला होते. हे सगळं सार्वजनिक नोंदींत आहे.

मार्केट स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटचा चौक. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली आणि पळून गेली. त्या धडकेने ती बाई शेजारच्या लेनमधल्या क्रूझच्या पुढ्यात फेकली गेली. क्रूझने ब्रेक मारला, तरी धडकली आणि थांबली. इथपर्यंत माणूसही फार वेगळं करू शकला नसता. पण यंत्रणेची समजूत झाली की टक्कर बाजूने झालीय. अशा वेळी गाडी कडेला घ्यायची असं तिला शिकवलेलं. म्हणून ती पुन्हा निघाली आणि गाडीखाली अडकलेल्या बाईला सुमारे २० फूट फरपटत नेलं. गाडीखाली माणूस आहे हे रस्त्यावरच्या कुठल्याही चालकाला कळलं असतं.

आता नियमांचा भाग. दुसऱ्या दिवशी कंपनीचे लोक डीएमव्हीला आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना भेटले. व्हिडिओ लावला. इंटरनेट अडखळत होतं. बाईला फरपटत नेलं हे तोंडाने कुणी सांगितलं नाही. व्हिडिओच काय ते सांगेल, अशी भूमिका घेतली. कंपनीनेच नेमलेल्या वकिलांच्या जानेवारी २०२४ च्या अहवालात हे आहे. केंद्राकडे दिलेल्या लेखी अहवालातूनही फरपटीचा उल्लेख गाळला होता. डीएमव्हीचं म्हणणं असं की पूर्ण व्हिडिओ आम्हाला त्या भेटीत दाखवलाच नाही. २४ ऑक्टोबरला परवाना निलंबित. पुढे ९५० गाड्यांचा रिकॉल, मुख्याधिकाऱ्याचा राजीनामा, केंद्राचा १५ लाख डॉलरचा दंड, खोट्या अहवालाबद्दल आणखी ५ लाख डॉलरचा फौजदारी दंड. डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीवर पैसे घालणंच बंद केलं.

म्हणून मला तिठाचा प्रश्न जरा बाजूला ठेवावासा वाटतो. परवाना शहराने द्या, राज्याने द्या, केंद्राने द्या. देणाऱ्याला अपघाताची माहिती फक्त कंपनीच्या हातून मिळणार असेल, तर ते परीक्षकाने विद्यार्थ्याकडूनच त्याची उत्तरपत्रिका वाचून घेण्यासारखं आहे.

---

शेंगदाणा

सुईदोरा, हे मला ठाऊकच नव्हतं. वाचून सुन्न झालो. ती बाई वाचली का?

---

सुईदोरा

वाचली, गंभीर जखमी होती. कंपनीने तिच्याशी तडजोड केली.

---

राईनकाठ

जर्मनीतून लिहितो. इथे २०२१ साली चौथ्या स्तरासाठी देशभराचा कायदा झाला. तीन टप्पे आहेत. गाडीला केंद्रीय मोटार वाहन कार्यालयाची मंजुरी. मग ती ज्या हद्दीत चालणार त्या हद्दीला राज्याच्या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेची मंजुरी. आणि चालवणाऱ्याने 'तांत्रिक देखरेख' करणारा माणूस नेमायचा, जो दुरून गाडी बंद करू शकतो आणि ती अडली तर पुढची हालचाल मंजूर करू शकतो. म्हणजे गाडी केंद्राची, रस्ता स्थानिक. तिठा, तुमच्या प्रश्नाला इथे असं उत्तर काढलंय.

त्याआधी, २०१७ मध्ये, सरकारने नेमलेल्या नीतिविषयक आयोगाने २० सूत्रं दिली होती. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं: अपघात टळणारच नसेल तेव्हाही वय, लिंग, शारीरिक ठेवण यांवरून माणसामाणसांत निवड करायची नाही.

पण खरं सांगायचं तर या कायद्याखाली रस्त्यावर दिसतंय फार कमी. हॅम्बुर्गमध्ये चाचण्या चालू आहेत, आत माणूस बसवूनच.

---

रातराणी७२

म्हणजे कायदा उत्तम आणि गाड्या नाहीत. अमेरिकेत गाड्या आहेत म्हणून शिकता तरी येतंय. वेमोने २०२५ मध्ये ५ कोटी ६७ लाख मैलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, पादचारी जखमी होण्याचे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्के कमी. सुईदोरा, एका कंपनीच्या पापाची शिक्षा सगळ्यांना का?

---

गिअर५

अभ्यास मी वाचलाय, नीट केलेला आहे. जखमींच्या बाबतीत तो मी मानतो. मृत्यूंच्या बाबतीत त्यातून काही सांगता येणार नाही. अमेरिकेत माणसांच्या गाड्यांनी दर १० कोटी मैलांमागे सव्वाच्या आसपास मृत्यू होतात. ५.६७ कोटी मैलांत माणसांकडूनही एखाद-दुसराच झाला असता. आणि हे मैल फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन इथले. आमच्या हिंजवडीच्या चौकात पावसाळ्यात संध्याकाळी सहाला लेनचे पट्टे पुसलेले असतात आणि उलट्या दिशेने दुचाक्या येत असतात. तो आकडा इथे आणून चिकटवता येणार नाही.

अजून एक गोष्ट. अभ्यास कंपनीचाच आहे. तरी त्याची छाननी बाहेरच्यांना करता आली, याचं मोठं कारण जून २०२१ चा अमेरिकी केंद्राचा आदेश, ज्याने अपघात कळवणं बंधनकारक केलं. कच्ची माहिती बाहेर आली ती नियमामुळे. नियम नसता तर आपण आज फक्त जाहिरातीवर बोलत असतो.

---

पायवाट

मध्येच घुसतोय. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते. तेव्हा कुणी इतकी चर्चा केली नव्हती!

---

घाटमाथा

पायवाट, मेट्रोच्या रुळावर म्हैस येत नाही.

---

पायवाट

मान्य :-) पण तिथे सुरक्षेची तपासणी त्रयस्थ यंत्रणा करते आणि प्रमाणपत्राशिवाय गाडी सुटत नाही. रस्त्यावरच्या गाडीला तसं का नाही, एवढाच माझा मुद्दा.

---

गिअर५

युरोपात तसंच आहे, आधी मंजुरी, मग विक्री. अमेरिकेत उलटं: कंपनी स्वतःच प्रमाणित करते की आमची गाडी निकषांत बसते, दोष निघाला की रिकॉल. आणि गाडी स्वतः कशी चालवते, वळण कसं घेते, माणूस कसा ओळखते, याचे केंद्रीय निकषच नाहीत. स्टिअरिंग, पेडल नसलेली गाडी आणायची तर सूट मागावी लागते, वर्षाला २,५०० गाड्यांची मर्यादा आहे. पण स्टिअरिंग ठेवून आत कुणी बसवलं नाही तर केंद्राची पूर्वपरवानगी लागत नाही. पायवाट, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे.

---

ओसरी

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोची गोष्ट वाचलीत का? सप्टेंबर २०२५ मध्ये पोलिसांसमोर एका वेमोने बेकायदा यू-टर्न मारला. पोलिसांनी थांबवली, गाडीत कुणी नाही, पावती कुणाच्या नावाने फाडणार? कंपनीला कळवून सोडून दिली.

---

शेंगदाणा

आपल्याकडे असती तर हवालदारसाहेब तिच्या चाकाला जॅमर लावून शांतपणे चहाला गेले असते. कधीतरी कुणीतरी माणूस येईलच!

---

कायदेपंडित

यावर कॅलिफोर्नियाने कायदा केलाय. एबी १७७७, सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यपालांची सही, अंमल १ जुलै २०२६ पासून. गाडीने नियम मोडला तर पोलीस कंपनीच्या नावाने 'नियमभंगाची सूचना' काढू शकतील. पण ती दंडाची पावती नाही. पुढे काय करायचं ते डीएमव्ही ठरवणार. मला हे अपुरं वाटतं.

तिठांसाठी त्यातली दुसरी तरतूद महत्त्वाची. आगीच्या किंवा अपघाताच्या ठिकाणाहून आपत्कालीन दलाने 'या भागातून गाड्या काढा' असा संदेश पाठवला की कंपनीने दोन मिनिटांत आपल्या गाड्यांना तसा आदेश द्यायचा. शिवाय दलासाठी वेगळी दूरध्वनी लाइन आणि गाडीतूनच कंपनीच्या दूरून देखरेख करणाऱ्या माणसाशी बोलायची सोय.

---

तिठा

सगळे प्रतिसाद वाचले. कायदेपंडित, दोन मिनिटांची तरतूद चांगलीच आहे, आणि ती अग्निशमन दलाने वर्षभर घसा कोरडा केला म्हणून आली. तेव्हा दलाच्या हातात मत असतं तर कायद्यासाठी २०२६ उजाडायची वाट बघावी लागली नसती.

ओसरी, तुमच्या यजमानांची गैरसोय मला खरंच कळते. म्हणून नकाराधिकार म्हणजे सरसकट बंदी असं मला म्हणायचं नाही. शहराने सांगावं, या वेळेत या गल्ल्यांत नको, मिरवणुकीच्या दिवशी इथे नको, रुग्णालयाच्या दारात थांबू नको. २० डिसेंबर २०२५ ला वीज उपकेंद्रात आग लागून शहराचा मोठा भाग अंधारात गेला. सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या गाड्या चौकाचौकांत उभ्या राहिल्या. बंद सिग्नल म्हणजे चारही बाजूंनी थांबून जायचं, हे गाड्यांना ठाऊक होतं. पण बऱ्याच गाड्या खात्री करून घ्यायला दूरच्या माणसाला विचारत होत्या आणि एकदम इतकी विचारणा आली की उत्तरं तुंबली. कंपनीनेच हे सांगितलं. भूकंपाच्या पट्ट्यातल्या शहराने हा प्रश्न परवान्याच्या आधी विचारला असता. राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला बसून तो सुचत नाही.

---

सुईदोरा

तिठा, बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, १०१ शहरं आहेत. डेली सिटीचा एक नियम, सॅन ब्रुनोचा दुसरा, पालो आल्टोचा तिसरा, तर ओसरीच्या यजमानांना हद्दीवर उतरून दुसरी गाडी धरावी लागेल. श्रीमंत शहरं गाड्या बाहेर ठेवतील, आणि ज्यांना वकील परवडत नाहीत तिथे चाचण्या होतील.

शहराला नकाराधिकार नको, पण कच्च्या माहितीवर थेट हक्क हवा. टक्कर झाली की पूर्ण व्हिडिओ, सेन्सरच्या नोंदी, दूरच्या माणसाचं संभाषण हे सगळं एका ठरावीक मुदतीत शहर, राज्य आणि केंद्र तिघांकडे एकाच वेळी जावं, कंपनीने निवडलेला तुकडा नव्हे. आणि लपवलं तर शिक्षा माणसाला व्हावी. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात हे केलंय. प्रत्येक गाडीमागे एक जबाबदार संस्था नेमलेली असेल, आणि सुरक्षेची माहिती खोटी दिली किंवा दडवली तर तो फौजदारी गुन्हा, वरिष्ठ अधिकाऱ्यांवरसुद्धा. क्रूझचा फौजदारी दंड ५ लाख डॉलर होता. ज्या कंपनीवर अब्जावधी खर्च झालेत तिला त्याचं काय?

---

कायदेपंडित

सुईदोराला पूर्ण अनुमोदन. आपल्याकडे '२ब'खाली कधी नियम लिहिले गेलेच, तर मसुद्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा मी हेच तीन मुद्दे पाठवणार: जबाबदार एकच आणि नाव घेऊन, कच्ची माहिती त्रयस्थाकडे थेट, आणि आत बसलेल्या पगारी माणसाच्या माथी दोष मारायला बंदी.

---

घाटमाथा

चौथा मुद्दा माझा घाला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १०,००० पौंडांहून जड स्वयंचलित ट्रकमध्ये प्रशिक्षित माणूस हवाच, असं विधेयक २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मंजूर केलं, आणि राज्यपालांनी दोन्ही वेळा नकार दिला. चालकांच्या संघटनेने दोन वर्षं घातली आणि एका सहीवर सगळं गेलं. आपल्याकडे ट्रकचालक बहुतेक असंघटित, त्यांच्या वतीने तर मसुद्यावर हरकत घ्यायलाही कुणी जाणार नाही. नियमात हे आधीच लिहून घ्या: सूट मिळवणाऱ्या कंपनीने ज्या मार्गावर गाड्या आणल्या, त्या मार्गावरच्या चालकांना देखरेखीच्या कामासाठी आधी शिकवायचं, आधी घ्यायचं. राईनकाठ म्हणाले तसं दुरून बघणारा माणूस लागणारच आहे. तो घाटात पंचवीस वर्षं गाडी चालवलेला का नसावा?

---

राईनकाठ

घाटमाथा, इथल्या नियमांत त्या माणसाकडे अभियांत्रिकीची पदवी किंवा तत्सम तांत्रिक शिक्षण हवं अशी अट होती. त्यावर इथेही वाद झाला. पण अडलेली गाडी रस्त्यावरून कशी काढायची, हे ज्याने आयुष्यभर केलंय त्याला ते जास्त कळतं, असं मलाही वाटतं. तुमचा मुद्दा मसुद्यात जायलाच हवा.

---

तिठा

कायदेपंडित, तो मसुदा लिहायला घ्याल तेव्हा मला कळवा. सीपीयूसीच्या सुनावणीत सामान्य माणसांनी काय काय मांडलं होतं ते सगळं सार्वजनिक आहे. त्यातलं आपल्या उपयोगाचं मराठीत काढून देते. ओसरी, अपंग प्रवाशांचा भाग तुम्ही बघाल का?

---

ओसरी

हो, बघते. यजमानांनाही विचारते, गाडी नेमकी कुठे थांबते आणि दार सापडायला किती त्रास होतो यावर त्यांच्याकडे खूप सांगण्यासारखं आहे.